समासातलं नाव

(छपाई, जुनी चित्रं, कागद, शाई यांबद्दल वाचकांनी विचारावं आणि आयुष्यभर छापखान्यात हात काळे केलेल्या माणसानं उत्तर द्यावं, असं हे सदर. या वेळी चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त लागली, बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.)

नंदगडहून एक निवृत्त शिक्षक लिहितात: जुन्या घराची कौलं उतरवताना माळ्यावर एक फ्रेम सापडली. काच तडकलेली, मागच्या फळीला वाळवी, पण आतलं चित्र शाबूत. पाण्याकाठचं शहर, होड्या आणि टोकदार मनोऱ्याचं चर्च. खाली ‘स्टॉकहोम’ आणि बारीक अक्षरात ‘बिलमार्क’ एवढं लागतं, बाकी फ्रेंच असावं. वडील सांगायचे, आजोबांनी हे बेळगावच्या कॅम्पात कुठल्याशा साहेबाच्या लिलावात एका आरामखुर्चीसोबत घेतलं. हा बिलमार्क कोण? चित्र हातानं काढलेलं आहे की छापील? मुलगा विकू म्हणतो, तर काय येतील? फ्रेमवाला म्हणतो, खालची अक्षरांची पट्टी कापली तर नव्या फ्रेमीत नीट बसेल. फोटो पाठवत आहे.

गुरुजी, तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्याला मी चहाचा कप खाली ठेवला. पट्टी कापू नका. बाकीचं सगळं सावकाश सांगतो, पण हे आधी. फ्रेमवाल्याला आजच निरोप धाडा.

आता भिंग घ्या. शाळेतलं असेल, नसेल तर घड्याळजीकडून अर्धा तास मागून आणा. चित्रातल्या आभाळाचा फिकट भाग निवडा आणि नाक टेकेल इतक्या जवळून बघा. आजच्या मासिकातलं चित्र असं बघितलं तर रांगेत मांडलेले गोल ठिपके दिसतात, कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखे. तुमच्या चित्रात तसं दिसणार नाही. तिथं खडबडीत, वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ असे काळे कण दिसतील. खरखरीत भिंतीवर कोळसा हलक्या हातानं फिरवला की भिंतीचे उंचवटेच तेवढे काळे होतात, तसे. तो दगडाचा कण आहे. म्हणजे हे छापील चित्र, पण दगडावर हातानं काढून मग छापलेलं. आपल्याकडे जुनी माणसं शिळाछाप म्हणायची. जुन्या पोथ्या ज्या शिळाप्रेसवर छापल्या, तीच ही विद्या. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली मराठी पंचांग छापलं ते असंच.

मी चौदाव्या वर्षी शहापुरातल्या एका लेबलांच्या छापखान्यात लागलो. बिडी, तपकीर, उदबत्ती, कुंकू यांची लेबलं तिथं छापायची. दगडाऐवजी पत्र्यावरून छापणारं ऑफसेट तेव्हा बेळगावात आलं होतं, पण आमच्या मालकांचा जीव दगडात होता. पहिली दोन वर्षं मला चित्र काढायला कुणी दिलं नाही. फक्त दगड घासायचे. एका दगडावर पाणी आणि कुरुंदाची पूड टाकायची, वर दुसरा दगड पालथा घालायचा आणि इंग्रजी आठचा आकडा काढत फिरवायचा. आधी जाड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. तासाभरानं जुनं चित्र जातं आणि दगड नव्या लग्नाच्या पाटासारखा कोरा होतो. संध्याकाळी खांदे असे भरून यायचे की जेवताना घास उजव्या हातानं उचलवायचा नाही.

तो दगड साधा नसतो. जर्मनीत बव्हेरिया भागात झोलनहोफेन म्हणून गाव आहे, तिथल्या चुनखडीच्या खाणींतला. इतका बारीक पोताचा दगड दुसरीकडे क्वचितच मिळतो. (याच खाणींत १८६१ साली आर्किऑप्टेरिक्स या पंखवाल्या प्राण्याचे ठसे सापडले, पिसांच्या रेषांसकट. रेष धरून ठेवायचा गुण त्या दगडात आधीपासूनच होता.) आलॉइस झेनेफेल्डर हा म्युनिकमधला नाटकं लिहिणारा माणूस. स्वतःची नाटकं स्वस्तात छापता यावीत म्हणून तो दगडांशी खटपट करायचा. गोष्ट अशी सांगतात की १७९६ च्या सुमारास आईनं धुण्याच्या कपड्यांची यादी लिहून घे म्हटलं, जवळ कागद नव्हता, तर त्यानं मेण-साबण-काजळीच्या शाईनं दगडावरच यादी लिहिली. पुढं दोनएक वर्षं प्रयोग करून त्यानं कृती पक्की बसवली.

सगळी कृती तेल आणि पाणी यांच्या वैरावर चालते. ज्या पाटावर एकदा तेल सांडलं तो कितीही धुतला तरी डागाच्या जागी पाणी धरत नाही, तेवढंच यात तत्त्व. मेण, साबण, चरबी आणि काजळीच्या खडूनं दगडावर चित्र काढायचं. वरून डिंकाच्या पाण्यात थोडं नायट्रिक अॅसिड घालून ते फिरवायचं. त्यानं चित्राचा भाग चरबीला आणि मोकळा भाग पाण्याला बांधला जातो. मग टर्पेंटाइननं खडू पुसून काढायचा. नवखा माणूस इथं ओरडतो, कारण चित्र गेलेलं दिसतं! ते गेलेलं नसतं, दगडात मुरलेलं असतं. ओला स्पंज फिरवून चामड्याचा शाईचा रूळ लावला की हळूहळू वर येतं, आधी काळोख्या जागा, मग मधल्या, शेवटी आभाळातला धूर. मी ते हजार वेळा पाहिलं असेन, तरी रूळ दुसऱ्याच्या हातात असला की मान लांब करून बघायचोच.

आता तुमचा बिलमार्क. कार्ल योहान बिलमार्क, स्वीडनचा, जन्म १८०४, मृत्यू १८७०. म्हणजे तो आणि शिळाछाप जवळपास बरोबरीनं वाढले. तो वयात येईपर्यंत युरोपभर या छपाईचे कारखाने झाले होते. त्यानं निसर्गदृश्यं आणि शहरांची दृश्यं हाच विषय धरला. या धंद्याची पंढरी तेव्हा पॅरिस. तिथं लमर्सिए यांचा छापखाना सगळ्यांत मोठा. चांगला कागद, चांगले दगड आणि मुख्य म्हणजे चांगले छपाईवाले तिथं असायचे. बिलमार्कनं आपलं बस्तान पॅरिसला बसवलं आणि डोळा मायदेशाकडे ठेवला. आपल्याकडचे किती चित्रकार कोल्हापूर, बेळगाव सोडून मुंबईला गेले आणि जन्मभर गावाकडचेच घाट रंगवत बसले, ते आठवा.

त्याचं मोठं काम १८५२ सालचं. स्टॉकहोमपासून नेपल्सपर्यंतचा चित्रमय प्रवास, एकूण शंभर चित्रं. वाटेत स्कँडिनेव्हिया, जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड, टिरोल, सव्हॉय आणि खाली इटली. शंभर चित्रं हे वाचायला सोपं आहे, करायला कसं ते घासणाऱ्याला विचारा. चित्रामागच्या फिकट छटेचा दगड वेगळा धरला तर दगड दुप्पट होतात. एका चित्राला बारीक खडूकाम करायला आठवडे जातात, आणि खडूकाम चालू असताना दगडाला हात लावायचा नाही. हाताला तेलकटपणा असतो, तोही छापून येतो! आमच्या छापखान्यात चित्र काढणारे मास्तर दगडावर आडवी फळी ठेवून तिच्यावर मनगट टेकायचे आणि काम चालू असताना शिंक आली तर तोंड दाराकडे करायचे. कोंडा पडू नये म्हणून डोक्याला रुमाल बांधायचे. हसू नका, केसातला कोंडाही उमटतो.

आणि तो काळ बघा. स्वीडनमधली पहिली मोठी रेल्वे १८५६ सालची. बिलमार्कची चित्रमाला निघाली तेव्हा त्या देशात प्रवाशांची आगगाडी नव्हती. माणसं १८३२ साली पुरा झालेल्या ग्योटा कालव्यातून आगबोटीनं जायची, पुढं घोडागाडी. (आपल्याकडे बेळगावला आगगाडी यायला त्यानंतर आणखी तीसेक वर्षं जावी लागली, तेव्हा आपण फार बोलू नये.) ज्यांना असा प्रवास परवडायचा नाही ते शंभर चित्रांचा ग्रंथ हप्त्याहप्त्यानं घेऊन दिवाणखान्यात बसून नेपल्सला जायचे. ज्यांना ग्रंथही परवडायचा नाही ते एखादं सुटं चित्र घेऊन फ्रेम करायचे. तुमच्या आजोबांचा साहेब यांपैकी कुठल्या वर्गातला ते आरामखुर्चीवरून ठरवा.

तुमच्या फोटोत मला एक गोष्ट फार आवडली. चर्चचा मनोरा नीट बघा. त्यातून आभाळ आरपार दिसतं, जाळीदार आहे. ते स्टॉकहोममधलं रिडरहोल्मेन चर्च. स्वीडनच्या राजांना पूर्वी तिथं पुरायचे. १८३५ साली त्याच्यावर वीज पडून जुना मनोरा जळाला आणि नंतर ओतीव लोखंडाचा हा जाळीचा मनोरा बसवला. म्हणजे तुमचं चित्र १८३५ नंतरचं, हे चित्रच सांगतं. आता त्या चर्चच्या कडेला पाण्यावर रेल्वेचा पूल दिसतो का? नाही दिसत. तिथून आगगाडी १८७१ पासून जाते. झालं, दोन्ही बाजूंनी कुंपण पडलं. शहराचं चित्र हातात आलं की आधी काय बांधलेलं आहे आणि मग काय बांधलेलं नाही ते बघावं. बेळगावचं जुनं चित्र मिळालं तर मीही असंच करतो.

मग रंग. फोटोत आभाळाला पिवळट छटा आहे आणि ढगांच्या कडा, पाण्यावरची चमक पांढरीशुभ्र. ही छटा दुसऱ्या दगडाची. पहिल्या दगडावर काळं चित्र, दुसऱ्यावर नुसता फिकट रंग आणि जिथं पांढरं हवं तिथं तो दगड खरवडलेला. ते पांढरं म्हणजे उघडा कागद. होडीवरच्या माणसाची बंडी तेवढी लाल आहे, ती मात्र नंतर कुणी ब्रशनं भरलेली दिसते, कारण रंग रेषेबाहेर गेलाय. म्हणून हे चित्र पाण्यानं पुसू नका, बंडी वाहून जाईल.

आता पट्टी. अशा छापांत चित्राखाली बारीक अक्षरात श्रेयाची ओळ असते. डावीकडे ज्यानं चित्र काढलं त्याचं नाव, उजवीकडे ज्यानं दगडावर उतरवलं त्याचं, आणि मध्ये किंवा खाली छापखान्याचं. बऱ्याच चित्रांत ही दोन माणसं वेगळी असायची. एकजण हिंडून चित्रं काढायचा आणि दुसरा पॅरिसच्या खोलीत बसून, कधी न बघितलेला डोंगर दगडावर चढवायचा. तुमच्या फोटोतली फ्रेंच ओळ मी आमच्या शेजारच्या गोव्याच्या बाईंकडून वाचून घेतली. तिचा अर्थ, ‘समक्ष पाहून काढलं आणि दगडावर उतरवलं, बिलमार्क’. दोन्ही कामं एका हातची. आणि तुमचा फ्रेमवाला तेवढंच कापायला निघालाय.

मला हे लागतं त्याला कारण आहे. आमचे मास्तर चाळीस वर्षं दगडावर बसले. मोर काढावा तर त्यांनी. पिसाऱ्यातला एकेक डोळा वेगळा असायचा, तपकिरीच्या दोन आण्यांच्या डबीवर! पण लेबलावर नाव मालाचं, मालकाचं, गावाचं, वजनाचं आणि शेवटी छापखान्याचं. मास्तरांचं नाव कुठेच नाही. काम झालं की दगड माझ्यासमोर यायचा आणि मी तो घासायचो. त्यांचे किती मोर मी माझ्या हातानं घासून नाल्यात सोडले याचा हिशेब नाही. पुढं माझ्याकडे त्यांच्या हातचा एकच छाप उरला होता, लक्ष्मीचा. त्याच्या समासात मी पेन्सिलीनं त्यांचं नाव लिहून ठेवलं होतं. घरी रंगकाम निघालं तेव्हा तो फ्रेमीला दिला. आला तेव्हा लक्ष्मी तेवढी होती. दुकानदार म्हणाला, “कडंला कायतर घाण लागली होती, काढून टाकली बघा.” पैसे देऊन आलो, काय करणार.

किंमतीचं विचारलंत. बिलमार्कचे छाप दुर्मीळ म्हणावेत असे नाहीत. ग्रंथ मोडून सुटी चित्रं विकायचा धंदा जुना आहे आणि ती जगभर फिरतात. आकडा मी सांगणार नाही, कारण तो सांगितला की तुमचा मुलगा आणि मी दोघंही गोत्यात येऊ. एवढं खरं, की समास शाबूत असलेला आणि कापलेला यांत घेणारा फरक करतो. तोपर्यंत वाळवीची फळी काढून फेका, तिच्याजागी आम्लरहित पुठ्ठा मागा. मिळतो, मुंबई-पुण्याहून मागवावा लागेल. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशनचं नाव काढू नका. तुमच्या खानापूर तालुक्यात पावसाळ्यात भिंती पाझरतात, म्हणून फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, भिंत आणि चित्र यांत वारा खेळू द्या. आणि शक्य तर विकू नका. आजोबांनी खुर्ची घेतली असेल बसायला. हे चित्र का घेतलं असेल?

निपाणीहून एक वाचक भगिनी विचारतात: आमच्या देवघरात आजेसासूबाईंच्या वेळची रविवर्म्याची लक्ष्मी आहे, साडीला खरी जर लावलेली. तीही अशीच दगडाची का?

हो ताई, दगडाचीच, पण एका दगडाची नाही. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. लक्ष्मीच्या गालावरचा गुलाबी, साडीतला लाल, कमळाखालचं पाणी, असं एकेक करत तोच कागद पुन्हा पुन्हा छापायचा. एखादा दगड केसभर सरकला की देवीचे ओठ गालावर! राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला, यंत्रं आणि कारागीर जर्मनीहून आणले, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. फ्रिट्झ श्लायशर हा जर्मन तंत्रज्ञ त्याचा पुढं मालकच झाला. त्याच्याही आधी, १८७८ साली, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली होती. तिची देवादिकांची आणि पेशवाईतल्या माणसांची चित्रं आपल्या भागात पुष्कळ घरांत होती.

बिलमार्कचं चित्र आणि तुमची लक्ष्मी यांत फरक एवढा, की त्यानं दोन दगडांत भागवलं आणि उरलेलं उजेडावर सोडलं. रविवर्मा छापखान्याला तैलचित्राचा भास हवा होता, म्हणून रंगांचे थर आणि वरून चकाकी. जर लावणं हे आपल्या बायकांचं काम, ते छापखान्याचं नाही. आजेसासूबाईंनी लावली असेल तर ती आता चित्राचाच भाग आहे, काढायला जाऊ नका. फक्त समई थोडी लांब ठेवा. काजळी बसते ती निघत नाही.

टिळकवाडीहून बी.ए.ची एक विद्यार्थिनी: काका, १८३९ मध्ये फोटोग्राफीचा शोध लागला असं आम्हाला शिकवलं. मग त्यानंतरही बिलमार्कसारखे लोक दगडावर चित्रं का काढत बसले? आणि कुणी स्वीडिश चित्रकार भारतात आला होता का?

पोरी, प्रश्न चोख आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरनं आपली कृती जाहीर केली खरी, पण त्याचा फोटो म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचा एकुलता एक ठसा. त्याच्या प्रती निघत नसत. पुढं कागदावर प्रती काढता आल्या, तरी शाईनं पुस्तकात अक्षरांसोबत फोटो छापायची सोय व्हायला १८८० चं दशक उजाडलं. ते मघाशी सांगितलेले रांगेतले ठिपके, ते तेव्हाचे. मधली चाळीस वर्षं म्हणजे दगडवाल्यांची चांदी. उलट फोटो बघून त्यावरून चित्र उतरवायलाही माणसं लागायचीच. शिवाय त्या वेळच्या फोटोत हलणारं काही उमटायचं नाही. होडी, धूर, गर्दी, पाणी सगळं पुसट. दगडावर मात्र तू बाजाराच्या दिवशी खडेबाजारातली माणसंही थांबवू शकतेस.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो. एग्रोन लुंडग्रेन, स्टॉकहोमचाच, जन्म १८१५. सत्तावन्नच्या बंडानंतर, १८५८ साली, मँचेस्टरच्या अॅग्न्यू या चित्रविक्रेत्यांनी त्याला चित्रं काढायला हिंदुस्थानात पाठवलं. कलकत्त्याला उतरून तो इंग्रज सेनापती कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेबरोबर लखनौकडे हिंडला आणि जलरंगात शेकडो टिपणं घेऊन गेला. लढाईपेक्षा रस्त्यावरची माणसं, हत्ती, तंबूतली कंटाळवाणी दुपार यांत त्याचा हात जास्त रमलेला दिसतो. आपल्या भागात तो आला नाही. आला असता तर गोकाकला नेलं असतं. स्वीडिश चित्रकारांना धबधब्याचं वेड होतंच, त्यांच्याकडच्या ट्रोलहेटनच्या धबधब्याची चित्रं किती निघाली त्याला सुमार नाही. आता तिथलं पाणी वीजघरात वळवलंय, आणि धबधबा बघायला माणसं ठरल्या वेळी जमतात, कारण पाणी ठरल्या वेळीच सोडतात. आपल्या घटप्रभेवरही पाण्यावरची वीज निघाली, ती जुनी गोष्ट. उन्हाळ्यात गोकाकला गेलीस तर नुसता काळा कातळ दिसेल, पण मला तोच आवडतो. खडूनं काढायला पाण्यापेक्षा कातळ बरा.

वडगावहून एक गृहिणी: तुमचं मागचं सदर वाचून मिस्टर म्हणाले, आपल्या परसातला दगड तोच असेल. पिवळट राखाडी, गुळगुळीत, चौकोनी, कडा घासलेल्या. सासऱ्यांनी भंगारातून आणला. वीस-बावीस वर्षं मी त्याच्यावर धुणं धुते. ओला असला की मधेच उलटी अक्षरं दिसल्यासारखी वाटतात, वाळला की जातात. भुताटकी तर नाही ना?

ताई, भुताटकी नाही. छापखाने बंद पडले तेव्हा आमच्यासारख्यांचे दगड वजनावर गेले. कुणाच्या न्हाणीत बसले, कुणाच्या उंबऱ्याला. झेनेफेल्डरच्या आईच्या धुण्यापासून निघालेला दगड तुमच्या धुण्याला आला, एवढंच.

अक्षरं उलटी असतात, कारण कागदावर ती सुलटी उमटायला दगडावर उलटी लागतात. मी पहिल्यांदा खडू हातात घेतला तेव्हा हौसेनं ‘निपाणी’ असं सुलटं लिहिलं, वेलांटीसकट. छाप निघाला तो डावीकडून उजवीकडे वाचता येईना. मास्तर म्हणाले, “काय गा, गिऱ्हाइकानं तपकीर ओढायची की आरसा घेऊन हिंडायचं?” तो दगड मलाच घासायला लावला. बिलमार्कसारख्यांना तर अख्खं शहर उलटं काढावं लागायचं. चित्र आरशासमोर ठेवायचं आणि आरशात बघत दगडावर उतरवायचं, नाहीतर चर्च नदीच्या भलत्याच काठाला जातं.

चरबी दगडात खोल मुरते. वरवर घासला तरी भिजल्यावर मोकळा भाग पाणी पितो, मुरलेला भाग पीत नाही, म्हणून अक्षर दिसतं. आणि तुम्ही रोज त्याच्यावर साबण लावताय, म्हणजे रोज थोडी चरबी वर घालताय. त्यानं पुढं सगळंच धूसर होत जाईल.

पत्र आल्यावर मला राहवलं नाही, मागच्या गुरुवारी मी वडगावला जाऊन आलो. ताईंनी कुंद्याची वाटी पुढं केली, ती बाजूला ठेवून आधी तांब्याभर पाणी मागितलं. दगड व्हिनेगरच्या फडक्यानं पुसला, भिजवला आणि तिरप्या उजेडात बघितला. कुंकवाच्या डबीचं गोल झाकण निघालं, बारा छाप एकाच वेळी निघावेत म्हणून तेच चित्र बारा वेळा ओळीनं मांडलेलं. मधे तुळशीवृंदावन, भोवती उलटी अक्षरं. सहा झाकणं साफ गेलेली, चार अर्धी, दोन जवळपास पुरी. वृंदावनाच्या पायरीवरची पणती मिरीएवढी होती आणि तिच्या ज्योतीला छाया होती. मी भिंग लावून कडेनं एक फेरी मारली, मग उलट्या बाजूनं आणखी एक. छापखान्याचं नावसुद्धा नव्हतं.

“कुणाचं काम हे?” ताईंनी विचारलं.

“लेबलवाल्यांचं,” म्हटलं.

त्यांच्या यजमानांनी शेजारची दोन पोरं बोलावली, चौघांनी मिळून दगड पालथा घातला. चित्राची बाजू खाली जायच्या आधी मी तिच्यावर डिंकाचं पाणी फिरवून वाळवलं आणि प्लास्टिकचा कागद घातला. आता कोऱ्या बाजूवर धुणं चाललंय. ताईंचा दुसऱ्या दिवशी फोन आला की ही बाजू जास्त खरखरीत आहे, कॉलर चांगल्या निघतात.